वेदनेचे संशोधन कोणाच्या प्रश्नांवर?

लोणावळा-खंडाळ्याची हवा ही एके काळी औषधांच्या यादीत मोडत असे. क्षयावर नेमके औषध नव्हते त्या काळात मुंबई-पुण्याकडील डॉक्टर रुग्णाला हवापालट सुचवीत, आणि ज्यांना परवडे ती कुटुंबे लोणावळा, पाचगणी, मिरज यांपैकी एखाद्या ठिकाणी बिऱ्हाड करीत किंवा आरोग्यधामात खाट मिळवीत. घाटमाथ्यावरील जुन्या बंगल्यांच्या आणि ‘सॅनिटोरियम’ अशी पाटी मिरविणाऱ्या वास्तूंच्या रूपाने त्या काळाच्या खुणा अद्याप मनात तरी शिल्लक आहेत. तेथे होत असे ते काय? मोकळी हवा, विश्रांती, दूध-अंडी आणि उशाशी बसून धीर देणारे कोणी तरी. रोग मुळापासून घालविण्याची शक्ती त्या उपचारात फारशी नव्हती. रोग्याचे दिवस थोडे सुसह्य करण्याची मात्र होती. आज जिला जगभर ‘पॅलिएटिव्ह केअर’ म्हणतात आणि मराठीत जिच्यासाठी उपशामक शुश्रूषा हा शब्द रूढ होऊ पाहत आहे, तिचेच ते एक अजाण, आणि केवळ सुखवस्तूंना लाभणारे, पूर्वरूप म्हणावे लागेल.

ही आरोग्यधामे औषधांमुळे ओस पडली, हे सर्वांना ठाऊक असते. त्यांच्या ओस पडण्याला आणखी एक कारण होते. ते सहसा सांगितले जात नाही. १९५६ मध्ये मद्रास येथे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, मद्रास सरकार, जागतिक आरोग्य संघटना आणि ब्रिटनची वैद्यकीय संशोधन परिषद यांनी मिळून क्षयरोगावरील औषधोपचारांच्या अभ्यासासाठी एक केंद्र काढले. नवी औषधे हाती आली होती. पण ती घेताना रुग्णाला दीर्घकाळ आरोग्यधामात ठेवलेच पाहिजे, असा पाश्चात्त्य वैद्यकाचा आग्रह होता. भारतात तेवढ्या खाटा उभ्या राहणे शक्यच नव्हते. मद्रासच्या संशोधकांनी १९३ रुग्णांचे यदृच्छेने दोन गट केले. एक गट आरोग्यधामात राहिला. दुसरा आपल्या दाटीवाटीच्या घरात, अपुऱ्या अन्नावर आणि पुरेशा विश्रांतीविना तीच औषधे घेत राहिला. १९५९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. दोन्ही गटांतील रुग्ण जवळपास सारख्याच प्रमाणात बरे झाले होते, आणि घरच्या उपचारामुळे घरातल्या माणसांच्या संसर्गात भर पडल्याचेही आढळले नव्हते. या एका अभ्यासाने भारतातीलच नव्हे, तर श्रीमंत देशांतीलही क्षयोपचाराची दिशा बदलली.

मद्रासच्या अभ्यासाचे मोठेपण त्याच्या यंत्रसामग्रीत नव्हते, त्याच्या प्रश्नात होते. ‘आमच्याकडे खाटा नाहीत, मग घरी चालेल काय?’ हा गरीब देशाचा स्वतःचा प्रश्न होता आणि तो गरीब रुग्णांच्या घरीच सोडविला गेला. असाध्य आजाराने ग्रासलेल्या रुग्णाच्या शेवटच्या महिन्यांविषयी जगात आज जे विपुल संशोधन होत आहे, त्यात असे प्रश्न किती, याचा हिशेब मांडण्याची वेळ आता आली आहे.

लंडन ते बोस्टन

या संशोधनाचा आधुनिक आरंभ १९६७ मध्ये लंडनला झाला असे मानतात. त्या वर्षी सिसिली साँडर्स यांनी सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस सुरू केले. आधी परिचारिका, मग समाजकार्यकर्ती आणि शेवटी डॉक्टर अशा तिन्ही भूमिकांतून गेलेल्या या बाईंनी मरणासन्न रुग्णाची वेदना केवळ शरीराची नसते, तीत भय, एकटेपणा, कुटुंबाची काळजी आणि जगण्याच्या अर्थाविषयीचे प्रश्न मिसळलेले असतात, असे सांगितले आणि तिला ‘समग्र वेदना’ म्हटले. एवढ्यावर त्या थांबल्या असत्या तर सेंट ख्रिस्तोफर्स हे एक पुण्यशील धर्मादाय स्थळ झाले असते. त्यांनी तेथे आरंभापासून नोंदी ठेवल्या आणि संशोधक बोलावले. रॉबर्ट ट्वायक्रॉस या तरुण डॉक्टरांनी तेथेच सुमारे सातशे रुग्णांवर हेरॉइन आणि मॉर्फिन यांची तुलना केली. इंग्लंडमध्ये त्या काळी हेरॉइनच श्रेष्ठ असा समज होता. ट्वायक्रॉस यांना १९७७ मध्ये असे दाखविता आले की तोंडाने नियमित दिलेले साधे मॉर्फिन तेच काम करते. जगाच्या दृष्टीने हा निष्कर्ष फार मोलाचा ठरला, कारण हेरॉइनला बहुतेक देशांत वैद्यकीय मान्यताच नव्हती. पुढे १९८६ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने कर्करोगाच्या वेदनेसाठी जी तीन पायऱ्यांची सोपी उपचारपद्धती जाहीर केली, तिची वरची पायरी म्हणजे हेच मॉर्फिन.

‘पॅलिएटिव्ह’ हे नाव मात्र कॅनडाचे. माँट्रियलचे शल्यचिकित्सक बाल्फर माउंट यांना सत्तरीच्या दशकात आपल्या रुग्णालयात असा विभाग काढताना ‘हॉस्पिस’ हा शब्द अडचणीचा वाटला, कारण फ्रेंच भाषकांच्या कानाला त्यात अनाथालयाचा वास येत होता. त्यांनी लॅटिनमधील ‘पॅलियम’ या झग्याच्या नावावरून आलेला शब्द उचलला. मराठीत सांगायचे तर पांघरूण घालणारी शुश्रूषा.

त्यानंतरच्या संशोधनाचे पहिले मोठे फलित अप्रिय होते. अमेरिकेतील पाच मोठ्या रुग्णालयांतील ९,१०५ गंभीर रुग्णांच्या अभ्यासाचे निष्कर्ष १९९५ मध्ये प्रसिद्ध झाले. रुग्णालयात मरण पावलेल्या आणि शुद्धीवर असलेल्या रुग्णांपैकी निम्म्यांना अखेरच्या दिवसांत किमान अर्धा वेळ मध्यम ते तीव्र वेदना होत होत्या, असे त्यांच्या नातेवाइकांनी सांगितले. पैसा, औषधे, तज्ज्ञ यांपैकी कशाचीही वाण नसलेल्या देशातील ही अवस्था. विशेष म्हणजे डॉक्टरांना रुग्णाच्या इच्छा कळविण्यासाठी खास परिचारिका नेमूनही परिस्थितीत फरक पडला नाही. केवळ माहिती पुरवून व्यवस्था बदलत नाही, हा धडा अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला नवा नाही. वैद्यकाला तो तेव्हा नवा होता.

पुढची पायरी २०१० मध्ये बोस्टनला गाठली गेली. फुप्फुसाचा कर्करोग शरीरात पसरलेल्या १५१ रुग्णांपैकी काहींना नेहमीच्या उपचारांबरोबरच निदान होताच उपशामक शुश्रूषा दिली गेली, इतरांना केवळ नेहमीचे उपचार. पहिल्या गटाचे जगणे अधिक समाधानाचे झाले, त्यांच्यापैकी थोड्यांनाच शेवटच्या दिवसांत आक्रमक उपचारांना तोंड द्यावे लागले, आणि तरीही त्यांचे सरासरी आयुष्य, मध्यांकाने मोजता, ११.६ महिने भरले, दुसऱ्या गटाचे ८.९. ‘आता काही उरले नाही, म्हणून शुश्रूषा’ ही समजूत या अभ्यासाने मोडीत काढली. शुश्रूषा आधीपासून हवी, हा विचार तेथून जगभर पसरला आणि कर्करोगाच्या सीमा ओलांडून हृदयविकार, मूत्रपिंडाचे विकार, दमा-धाप आणि स्मृतिभ्रंश यांच्याही अभ्यासांत शिरला.

या क्षेत्राची खरी प्रौढता मात्र त्याच्या नकारात्मक निष्कर्षांत दिसते. धाप लागलेल्या मरणोन्मुख माणसाच्या नाकाला प्राणवायूची नळी लावणे हे जणू दयेचे प्रतीकच झाले आहे. २०१० मध्ये अमेरिका, ऑस्ट्रेलिया आणि ब्रिटनमधील २३९ रुग्णांना काही न सांगता कोणाला प्राणवायू, तर कोणाला त्याच नळीतून खोलीतली साधी हवा दिली गेली. ज्यांच्या रक्तातील प्राणवायू धोक्याच्या पातळीपर्यंत घटलेला नव्हता अशा या रुग्णांत दोन्ही गटांना सारखाच आराम पडला. त्याच वर्षी केंब्रिजच्या संशोधकांनी ५० रुग्णांच्या चेहऱ्यावर हातात धरण्याच्या लहान पंख्याचा वारा घालून पाहिला, आणि धाप कमी झाल्याची भावना मोजता आली. आजीच्या हातातील विंझणा ज्याला ठाऊक आहे त्याला यात नवल वाटणार नाही. परंतु सिलिंडरच्या भाड्यापायी दागिने गहाण टाकणाऱ्या कुटुंबाला हा निष्कर्ष वेळीच कळला तर त्याचे मोल रुपयांत सांगता येईल. तसेच भ्रमाचे. अखेरच्या दिवसांत बरळणाऱ्या, बेचैन रुग्णाला शांत करण्यासाठी वर्षानुवर्षे जी औषधे सर्रास दिली जात, ती ऑस्ट्रेलियातील २४७ रुग्णांच्या २०१७ मधील चाचणीत औषधी गुण नसलेल्या द्रवापेक्षाही वाईट ठरली.

ब्रिटनने तर याहून मोठी ठेच खाल्ली. लिव्हरपूलच्या तज्ज्ञांनी मरणासन्न रुग्णाच्या काळजीचा एक टिपणतक्ता तयार केला होता. हेतू उत्तम होता. तो देशभर रुग्णालयांना लागू झाला, त्याच्या वापराशी आर्थिक उत्तेजनेही जोडली गेली, आणि तक्त्यातील चौकोनात खुणा करणे म्हणजेच शुश्रूषा असे होऊन बसले. तहानलेल्या रुग्णाला पाणी नाकारल्याच्या तक्रारी आल्या. २०१३ मध्ये चौकशी समितीने तो मागे घ्यावा असे सुचविले आणि २०१४ मध्ये तो गेला. पुरावा जमण्यापूर्वीच योजना सार्वत्रिक करणे आणि उद्दिष्टपूर्तीला पैसे बांधणे यांचा परिणाम काय होतो, हे आपल्याकडील सरकारी योजनांशी परिचय असलेल्या वाचकाला वेगळे सांगावयास नको.

परळचे उत्तर निराळे

आता या संशोधनाच्या भूगोलाकडे वळू. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे दर वर्षी सुमारे ५.६८ कोटी लोकांना उपशामक शुश्रूषेची गरज असते. त्यांपैकी ७८ टक्के अल्प आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत राहतात. ज्यांना ती प्रत्यक्ष मिळते त्यांचे प्रमाण जगभरात सुमारे १४ टक्के. संशोधनाची गंगा मात्र उलटी वाहते. अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया आणि पश्चिम युरोप येथून बहुतांश शोधनिबंध निघतात. म्हणजे जेथे रुग्ण कमी आणि सोयी अधिक, तेथे प्रश्न विचारले जातात. यात कोणाचे कारस्थान नाही. संशोधन ही खर्चाची बाब आहे आणि पैसा आपल्या दाराशी असलेल्या प्रश्नाकडेच प्रथम पाहतो. पण त्यामुळे बोस्टनचे उत्तर मावळालाही लागू पडेल असे धरून चालणे धोक्याचे होते.

याचा प्रत्यय मुंबईतच आला. परळच्या टाटा स्मारक रुग्णालयाने बोस्टनचाच प्रश्न भारतीय रुग्णांपुढे ठेवला. येथील नेहमीचा रुग्ण म्हणजे तंबाखू, मिश्री, गुटख्याने आलेल्या तोंड-घशाच्या कर्करोगाचा. अशा १८० रुग्णांपैकी निम्म्यांना आरंभापासून उपशामक शुश्रूषा जोडून दिली गेली. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत दोन्ही गटांच्या जीवनमानात किंवा आयुर्मानात म्हणण्यासारखा फरक आढळला नाही.

या निष्कर्षाने शुश्रूषा निरुपयोगी ठरते असे कोणी समजू नये. रोग वेगळा, त्याची गती वेगळी, ‘नेहमीचे उपचार’ या शब्दांत सामावणाऱ्या गोष्टीही वेगळ्या. शिवाय ज्याला गिळता येत नाही, ज्याच्या जखमेच्या वासाने शेजारी घरात यायचे थांबले आहेत, आणि ज्याची मजुरी महिन्यांपासून बुडाली आहे, त्याच्या दुःखाला महिन्यातून एकदा बाह्यरुग्ण विभागात होणारी तज्ज्ञाची भेट कितपत पुरी पडणार, हा विचार मनात आल्यावाचून राहत नाही. परंतु हे तर्क आहेत. तर्काला उत्तर पुढच्या अभ्यासाने द्यावयाचे असते, आणि त्यासाठी असा अभ्यास परळच्या भिंतींबाहेर, रुग्णाच्या गावात जाणे आवश्यक आहे. टाटाच्या संशोधकांचे अभिनंदन अशासाठी करावयाचे की प्रतिकूल निष्कर्षही त्यांनी जगापुढे मांडला. याच रुग्णालयाने २०२० मध्ये ४२२ रुग्णांच्या चाचणीत असेही दाखविले आहे की याच रोगात घरी घ्यावयाच्या स्वस्त गोळ्या शिरेतून देण्याच्या प्रचलित औषधाहून कमी तर पडत नाहीतच, उलट आयुष्याचा मध्यांक ६.१ महिन्यांवरून ७.५ महिन्यांवर नेतात. हा मद्रासच्या जातकुळीचा प्रश्न आहे.

मॉर्फिनची कथा याहून उद्वेगजनक आहे. वैद्यकीय उपयोगासाठी कायदेशीर अफू पिकविणाऱ्या जगातील मोजक्या देशांत भारत आहे. नीमच आणि गाझीपूरच्या सरकारी कारखान्यांत तिच्यावर प्रक्रिया होते. असे असूनही १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यातील कडक शिक्षा आणि परवान्यांची साखळी यांच्या धास्तीने औषधविक्रेत्यांनी आणि रुग्णालयांनी मॉर्फिन ठेवणेच सोडले. पुढील बारा वर्षांत देशातील त्याचा वैद्यकीय वापर नव्वद टक्क्यांहून अधिक घटला. गैरवापराची भीती खरी किती, हे पाहण्यासाठी कालिकतच्या डॉक्टरांनी दोन वर्षांत घरी नेण्यासाठी मॉर्फिन दिलेल्या १,७२३ रुग्णांचा मागोवा घेतला. औषध भलत्या हाती गेल्याचे एकही उदाहरण सापडले नाही. हा निबंध २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. कायदा सुधारण्यास २०१४ उजाडले. मधल्या तेरा वर्षांचा हिशेब कोणत्याही लेखापरीक्षणात निघणार नाही.

‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने नेमलेल्या आयोगाने २०१७ मध्ये जगाचा ताळेबंद मांडला. वर्षाला वाटल्या जाणाऱ्या २९८.५ टन मॉर्फिनसम औषधांपैकी सर्वांत गरीब देशांच्या वाट्याला ०.१ टन येते, आणि भारतात गरजेच्या सुमारे ४ टक्केच पुरवठा होतो. सर्व जगाची तूट भरून काढण्यास, वाजवी आंतरराष्ट्रीय दराने, वर्षाला सुमारे १४.५ कोटी डॉलर पुरतील असे आयोगाने म्हटले. जगाच्या आरोग्यखर्चाच्या मानाने ही रक्कम नगण्यच आहे. मग बाजार किंवा सरकार यांपैकी कोणीच ही गरज का भागवीत नाही? एक कारण असे की या सेवेचा ग्राहक तक्रार करावयास परत येत नाही. त्याचे मत पुढच्या निवडणुकीत मोजले जात नाही, आणि त्याचे नातेवाईक ते दिवस विसरण्याच्याच प्रयत्नात असतात. ज्या मागणीला आवाज नाही तिला पुरवठाही नसतो.

आपल्या वृत्तपत्रांतून मात्र इच्छामरणावर रकानेच्या रकाने भरले गेले आहेत. केईएम रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग यांच्या प्रकरणावरील २०११ चा निकाल, सन्मानाने मरण्याचा हक्क आणि जिवंतपणी करावयाचे वैद्यकीय इच्छापत्र यांना मान्यता देणारा सर्वोच्च न्यायालयाचा २०१८ चा निकाल, त्याच्या अटी २०२३ मध्ये झालेल्या शिथिल, या सर्वांची चर्चा झाली आणि ती योग्यच होती. पण मरण मागणाऱ्या माणसाची वेदना आधी नीट शमविली होती काय, हा प्रश्न त्या चर्चेत क्वचितच डोकावला.

मावळ ही प्रयोगभूमी

महाराष्ट्रात या कामाची परंपराच नाही असे मुळीच नाही. डॉ. लुईस डिसूझा यांनी १९८६ मध्ये मुंबईत वांद्रे येथे शांती आवेदना सदन हे देशातील पहिले हॉस्पिस काढले. पुण्यात वारजे येथे १९९७ पासून सिप्लाचे उपशामक शुश्रूषा व प्रशिक्षण केंद्र विनामूल्य सेवा देत आहे. केरळने २००८ मध्ये धोरण आखून पंचायतींना या कामात उतरविले. महाराष्ट्रानेही पुढे धोरण स्वीकारले. आयुष्मान भारत योजनेतील आरोग्यकेंद्रांच्या सेवांच्या यादीतही उपशामक शुश्रूषेचे नाव आहे. यादीत नाव असणे आणि कपाटात औषध असणे यांतील अंतर मात्र लोणावळा ते वारजे या अंतराहून बरेच मोठे आहे.

मावळ तालुक्याचा नकाशा डोळ्यांपुढे आणावा. मध्यातून लोहमार्ग, जुना महामार्ग आणि २००२ पासून पूर्णपणे खुला झालेला द्रुतगती मार्ग. त्या पट्ट्यात लोणावळा, कामशेत, वडगाव, तळेगाव. दोन्ही अंगांना अंदर मावळ, नाणे मावळ, पवन मावळ. डोंगराच्या कुशीतील वाड्या, भाताची खाचरे आणि धरणांची पाणलोटक्षेत्रे. शनिवार-रविवारी ज्या रस्त्यावर मुंबईच्या मोटारींची रांग लागते, त्याच रस्त्याने नाणे मावळातील एखादा कर्करोगी कामशेतपर्यंत एस.टी.ने, तेथून लोकलने लोणावळ्यास, पुढे गाडीने दादर आणि मग परळ असा जातो. बरोबर एक माणूस हवाच. म्हणजे दोघांचे भाडे, दोघांची मजुरी. हाडांत पसरलेल्या कर्करोगाच्या वेदनेवर किरणोपचार उत्तम लागू पडतात. ते पाच-दहा दिवस थोडेथोडे द्यावेत की एकदाच? ब्रिटनमधील ७६५ रुग्णांच्या चाचणीने १९९९ मध्ये उत्तर दिले की वेदना शमविण्यापुरते एकदाच पुरते, फार तर काहींना पुढे ते पुन्हा द्यावे लागतात. ब्रिटनमध्ये या निष्कर्षाने यंत्राचा वेळ वाचला. नाणे मावळात त्याने एका कुटुंबाचे पंधरा दिवस वाचतील. एकाच शोधनिबंधाची किंमत दोन देशांत किती निराळी असते, पाहा. आणि ही दुसरी किंमत अद्याप कोणी मोजलेली नाही.

मोजण्याचे काम येथे अपरिचित नाही. लोणावळ्यातच १९२४ मध्ये स्वामी कुवलयानंदांनी कैवल्यधाम स्थापन केले आणि त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे नियतकालिक सुरू केले. नौली, उड्डियान, प्राणायाम यांच्याविषयी परंपरा जे सांगते ते त्यांनी क्ष-किरण आणि दाबमापक यांच्यापुढे उभे केले. योगाने असाध्य रोग बरे होतात अशी जाहिरात आज गल्लोगल्ली होत असताना, आधी मोजा मग बोला ही कुवलयानंदांची शिस्त आठवण्याजोगी आहे. श्वासावर मनाचा ताबा आणून धापेची भीती कितपत उतरते, हा प्रश्न आज पाश्चात्त्य शुश्रूषाकेंद्रांत विचारला जात आहे. तो शंभर वर्षे श्वास मोजणाऱ्या गावातूनही विचारला जावा, ही अपेक्षा गैर नव्हे.

याच तालुक्यात वडगावला भात संशोधन केंद्र आहे. १९८७ मध्ये तेथून प्रसारित झालेला इंद्रायणी तांदूळ आज घरोघरी शिजतो. त्या केंद्राने मनिलाचे वाण तसेच्या तसे उचलून मावळच्या पावसात लावले नाही. येथल्या जमिनीत निवड केली. आणि जन्माच्या टोकाला असे काम महाराष्ट्राने केलेही आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्याच स्त्रियांना नवजात अर्भकांची घरगुती काळजी शिकविली, ३९ गावांची ४७ गावांशी तुलना केली आणि नवजात अर्भकांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी घटल्याचे १९९९ मध्ये सिद्ध केले. त्या पुराव्यावर पुढे राष्ट्रीय धोरण उभे राहिले. केरळच्या उपशामक चळवळीची वर्णने विपुल आहेत, कौतुकही जगाने केले. परंतु गडचिरोलीसारखे काटेकोर मोजमाप त्या मानाने थोडेच झाले आहे. मृत्यूच्या टोकाचा तो अभ्यास अद्याप कोणाच्या तरी हातून व्हावयाचा आहे.

तो मावळात होऊ शकतो. तळेगाव दाभाडे येथे १९९५ पासून वैद्यकीय महाविद्यालय आहे, प्राथमिक आरोग्यकेंद्रांचे जाळे आहे, गावोगावी आशा कार्यकर्त्या आहेत, वारज्याला प्रशिक्षणाची सोय आहे. काही गावांत प्रशिक्षित परिचारिकेची आठवड्याची फेरी, आशाच्या हाती साधी वेदनामोजणी, आणि आरोग्यकेंद्राच्या कुलपात मॉर्फिन. इतर गावांत सध्याची व्यवस्था. दोन वर्षांनी काय पाहावयाचे? रुग्ण किती जगला एवढेच नव्हे. तो रात्री किती झोपला, घरच्यांनी किती कर्ज काढले, जमिनीचा तुकडा विकला का, मुलीची शाळा सुटली का, हेही. बोस्टनच्या प्रश्नावलीत हे रकाने नव्हते, कारण तेथे त्यांची गरज नव्हती. अमेरिकेत २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या १,२५० रुग्णांच्या अभ्यासाने दूरचित्रसंवादाने दिलेली शुश्रूषा प्रत्यक्ष भेटीइतकीच गुणकारी ठरविली आहे. पवनेच्या खोऱ्यात फोनला संपर्कच मिळाला नाही तर काय, हेही येथेच तपासावे लागेल.

शुश्रूषा करणाऱ्यांचा रकाना तर अगदी स्वतंत्र हवा. उमरखेड तालुक्यातील उटी हे मूळ गाव असलेल्या कुटुंबातील, अमेरिकेत वाढलेले शल्यचिकित्सक अतुल गावंडे यांनी ‘बीइंग मॉर्टल’ या २०१४ च्या पुस्तकात आपल्या आजोबांचे उदाहरण दिले आहे. शंभरी ओलांडलेले सीताराम गावंडे अखेरपर्यंत कुटुंबात, मानाने राहिले. पुस्तकाचा मराठी वाचक येथे सुखावतो आणि एकत्र कुटुंबाचे गोडवे गातो. परंतु त्या व्यवस्थेमागे जमीन होती आणि ती चालविणाऱ्या बायकांचे श्रम होते, ज्यांचा राष्ट्रीय उत्पन्नात कधी समावेश झाला नाही. मावळातील तरुण आज तळेगाव-चाकणच्या कारखान्यांत पाळ्या करतो, त्याची बायकोही कामाला जाते. सासऱ्याच्या उशाशी बसण्यासाठी तिने नोकरी सोडली तर तो त्याग की न मोजलेला खर्च? विमा योजना रुग्णालयातील खाटेचे पैसे देतात; घरातल्या खाटेशेजारी काढलेल्या रात्रीचे देत नाहीत.

असा अभ्यास हाती घेणाऱ्यांनी एक व्यावहारिक गोष्ट ध्यानात ठेवावी. सोय पाहून तो दिवाळीनंतर सुरू करून वैशाखात आटोपण्याचा मोह होईल. आषाढ-श्रावणात अंदर मावळातील वाड्यांपर्यंत परिचारिकेची दुचाकी पोहोचत नाही, घरातली सारी माणसे भातलावणीला गेलेली असतात आणि आजारी माणूस दिवसभर एकटा पडून असतो. नोंदवहीतून नेमका तोच रुग्ण सुटतो. तेव्हा नोंदी ठेवायच्या त्या पावसाळ्यासह पूर्ण वर्षाच्या, आणि मॉर्फिनचा साठा वाडीजवळच्या उपकेंद्रात पोहोचवायचा तो मृग लागण्यापूर्वी.